खवट खाद्य, खंगलेले मासे

तळ्यात मासे मरायला लागले की आपण आधी पाण्याकडे बघतो. पाणी फार हिरवं झालंय का, पहाटे मासे वर येऊन तोंड काढतात का, वरच्या शेतात कुणी फवारणी केली का. मग बीज देणाऱ्याला फोन होतो, मग औषधाच्या दुकानाची फेरी. खाद्याच्या गोदामाकडे मात्र कुणी वळत नाही, कारण मासे खाद्य खातच असतात. पाण्याची तपासणी ठीक, अंगावर जखम नाही, परजीवी नाही, आणि तरीही महिनाभर रोज दोन-चार मासे काठाला लागतायत, उरलेले वाढत नाहीत, अशी परिस्थिती असेल तर पाण्याआधी पोत्यावर संशय घ्यावा. पोत्यातलं तेल खवट झालेलं असण्याची शक्यता अशा वेळी खरोखर मोठी असते.

जपानमधल्या मत्स्यपालकांनी याची चांगलीच किंमत मोजली आहे. तिथे कार्प, म्हणजे आपण ज्याला सायप्रिनस म्हणतो तो मासा, वाळवलेल्या रेशीमकिड्यांवर पोसला जायचा. कोषातून धागा काढून घेतला की आत उरतो तो प्युपा. रेशमाच्या गिरण्यांतून तो भरपूर मिळायचा, स्वस्त होता, प्रथिनं भरपूर. अडचण एकच होती. वाळलेल्या प्युपाच्या वजनात पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त तेल असतं, आणि ते जवसाच्या तेलाच्या जातीचं, हवेत लवकर बिघडणारं. साठवून ठेवलेला प्युपा खाणाऱ्या माशांच्या पाठीवरचं मांस झडत जायचं, डोकं तेवढं मोठं दिसायचं आणि पाठीवरून बोट फिरवलं की काटा हाताला लागायचा. या रोगाला तिकडे 'सेकोके' म्हणत. 1966 मध्ये हाशिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी कार्पना मुद्दाम खवट झालेलं तेल खाऊ घातलं आणि तसाच स्नायूंचा ऱ्हास घडवून दाखवला. त्याच खाद्यात पुरेसं ई जीवनसत्त्व घातलं तेव्हा तो टळला. जंतू नाही, विषाणू नाही, गुन्हेगार तेल होतं.

ही जुनी परदेशी गोष्ट इथे सांगण्याचं कारण आहे. मराठवाड्यात रेशीम शेती वाढते आहे, जालन्यात कोषांची बाजारपेठ उभी राहिली आहे आणि धागा काढण्याचे उद्योग येतील तसा प्युपाही हाताशी येईल. तो घ्यायला हरकत नाही, पण तेल काढून घेतलेला घ्या. तेलासकट घ्यायचाच असेल तर ताजा घ्या आणि ताजाच संपवा. गोणी भरून पुढच्या हंगामासाठी ठेवायची ही वस्तू नव्हे.

तेल बिघडतं म्हणजे काय होतं

तेल दोन तऱ्हांनी बिघडतं. एक, ओलावा आणि विकरं यांच्यामुळे तेल फुटून त्यातली मेदाम्लं मोकळी होतात. भाताच्या कोंड्यात हे घडतं. त्याने खाद्याची चव जाते, मासे ते नाखुशीने खातात. दुसरी तऱ्हा जास्त घातक: तेलाला हवेतला प्राणवायू लागतो. तेलाच्या रेणूत दुहेरी बंध जितके जास्त तितका तो प्राणवायूच्या तावडीत लवकर सापडतो. शेंगदाणा तेलातल्या मुख्य मेदाम्लांत असे एक किंवा दोन बंध असतात. माशाच्या तेलातल्या ईपीए या मेदाम्लात पाच आणि डीएचएमध्ये सहा. म्हणून शेंगदाण्याची बरणी महिनोन्महिने टिकते आणि मासळीचं तेल उघड्यावर आठवड्यातच वास मारू लागतं.

एकदा सुरुवात झाली की हे काम कडब्याच्या गंजीत पडलेल्या ठिणगीप्रमाणे एका रेणूतून दुसऱ्यात जातं. मासळीच्या भुकटीच्या, म्हणजे फिशमीलच्या, बाबतीत तर ही नुसती उपमाही राहत नाही. तिच्यातल्या तेलाला हवा लागून भुकटी आपोआप तापते आणि पेटूही शकते. जहाजातून ती नेताना तेल बिघडू न देणारी द्रव्यं मिसळण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे तो त्यासाठीच.

आधी तेलात पेरॉक्साइड तयार होतात. त्यांना फारसा वास नसतो. मग ते फुटतात आणि अल्डिहाइड वर्गातली द्रव्यं बनतात, आणि खवट वास येतो तो या द्रव्यांचा. पोत्याला वास यायला लागला याचा अर्थ बिघाड कधीच सुरू होऊन पुढच्या पायरीवर गेलेला असतो. नाकाला कळेपर्यंत वाट बघू नका, असं म्हणायचं ते एवढ्यासाठी.

असं तेल माशाच्या पोटात गेलं की त्याच्या शरीरातलं ई जीवनसत्त्व त्याच्याशी झुंजण्यात खर्ची पडतं. माशाच्या पेशींची आवरणं मुळातच नाजूक, दुहेरी बंधांच्या मेदाने भरलेली असतात, आणि त्यांची राखण करणारा मुख्य पहारेकरी हेच जीवनसत्त्व. ते संपलं की आवरणं तुटायला लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि मासा पांढरा पडतो. स्नायूंचे तंतू झिजतात. यकृतात मेद साचतो आणि सेरॉइड नावाचं पिवळट-तपकिरी द्रव्य जमा होतं, जे शरीर पुन्हा सहजी बाहेर टाकू शकत नाही. ट्राउट पाळणाऱ्या थंड देशांत खवट खाद्यामुळे होणारा यकृताचा रोग या लक्षणांवरूनच ओळखला जातो. अमेरिकेत चॅनल कॅटफिशवर 1970 च्या दशकात झालेल्या प्रयोगांत खवट मासळी तेल आणि ई जीवनसत्त्वाचा तुटवडा एकत्र आल्यावर स्नायू झिजणं, अंगात पाणी भरणं, रंग उडणं, पंडुरोग आणि मरतूक, हे सगळं बघायला मिळालं. शिवाय खवट तेल खाद्यातलीच अ आणि क सारखी जीवनसत्त्वं पोत्यातच नासवतं. लेबलवर छापलेलं जीवनसत्त्वाचं प्रमाण माशाच्या तोंडी पोचेपर्यंत उरलेलं नसतं.

माशाकडे कसं बघायचं

खवट खाद्याचा परिणाम एका रात्रीत दिसत नाही. सकाळी सगळं तळं पांढरं झालं असेल तर कारण दुसरं शोधा. ऑक्सिजन किंवा विष. इथे आठवडे जातात. आधी मासे खाद्यावर तुटून पडायचे थांबतात. दाणे पाण्यावर तरंगत राहतात, काही मासे दाणा तोंडात घेऊन परत टाकतात. मग वाढ मंदावते. हा तोटा डोळ्यांना दिसत नाही म्हणून हिशेब करून बघा. एक किलो मासळीला 1.5 किलो खाद्य लागत होतं ते 1.8 किलो लागायला लागलं, तर टनामागे 300 किलो खाद्य जास्त गेलं. खाद्य 45 रुपये किलो धरलं तरी साडेतेरा हजारांचा भुर्दंड, आणि एकही मासा मेलेला नसताना.

पुढची पायरी अंगावर दिसते. रंग काळवंडतो किंवा फिका पडतो, मासा सुस्त होऊन पाण्याच्या वरच्या थरात किंवा काठाजवळ रेंगाळतो, काहींचे डोळे बाहेर येतात, पोट पाण्याने फुगतं, थोड्यांचा कणा वाकतो. आणि एक खूण अनुभवी माणसाच्या लगेच लक्षात येते: जाळं ओढलं, वजन घेतलं, मासे एका तळ्यातून दुसऱ्यात हलवले की पुढच्या दोन दिवसांत मरतूक वाढते. निरोगी मासा जो ताण सोसतो तो या माशाला सोसत नाही.

एवढ्यावर निदान करू नका. मासा कापून बघा. त्यासाठी नुकताच मेलेला, शक्यतो मरायला टेकलेला मासा घ्या. दुपारभर उन्हात तरंगलेल्या माशाच्या यकृतावरून काहीही सांगता येत नाही. शेजारी तुलनेला दुसऱ्या तळ्यातला धडधाकट मासा ठेवा, आकाराने तेवढाच. आधी कल्ल्याचं झाकण उचला. धडधाकट माशाचे कल्ले लालबुंद असतात, रोग्याचे गुलाबीसर किंवा पांढुरके. कल्ले तपकिरी, चॉकलेटी असतील तर तो नायट्राइटचा दोष असू शकतो, खाद्याचा नव्हे. कल्ल्यांवर चिकट बुळबुळीत थर असेल तर परजीवीची शंका घ्या. आता गुदद्वारापासून कल्ल्यापर्यंत पोटाची चीर घ्या, कात्रीचं टोक आत फार न घालता. पंगॅसिअसमध्ये यकृत स्पष्ट वेगळं दिसतं. रोहू, कटला, सायप्रिनस यांच्यात ते आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये पसरलेलं असतं, त्यामुळे थोडं शोधावं लागतं. निरोगी यकृत लालसर तपकिरी आणि घट्ट असतं. खवट खाद्यावरच्या माशाचं फिकट, पिवळसर, कधी पितळी छटेचं, बोटाने दाबलं की चिरडणारं. बोटाला तेलकटपणा लागतो. पित्ताशय टम्म भरलेलं आणि आतडं रिकामं असेल तर मासा काही दिवस खातच नव्हता, एवढं समजा. मग पाठीवरच्या पराच्या बाजूने आडवा छेद देऊन दोन्ही माशांच्या पाठीचं मांस शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर कुणी सांगावा लागत नाही.

मात्र एक सावधगिरी. पंगॅसिअसला जास्त खाद्य आणि जास्त मेद मिळाला तरी त्याचं यकृत पिवळसर, तेलकट होतं, खाद्य ताजं असलं तरीही. म्हणून एकट्या यकृतावर जाऊ नका. फिके कल्ले, झडलेली पाठ, रेंगाळणारी मरतूक आणि पोत्याची तारीख या चार गोष्टी एकत्र आल्या तर निदान पक्कं होत जातं.

मातीच्या तळ्यात आणि धरणातल्या पिंजऱ्यात फार फरक आहे, हेही ध्यानात ठेवा. शेणखताने पिकवलेल्या तळ्यात माशाला प्लवंग आणि तळातले किडे मिळतात, त्यातून ताजी मेदाम्लं आणि जीवनसत्त्वं मिळतात आणि वाईट खाद्याचं पाप बरंचसं झाकलं जातं. पिंजऱ्यात किंवा टाकीत मासा पूर्ण तुमच्या पोत्यावर जगतो. तेच पोतं शेजाऱ्याच्या तळ्यात चाललं म्हणून तुमच्या पिंजऱ्यात चालेलच असं नाही.

खवटपणा येतो कुठून

आपल्याकडे पहिला आरोपी भाताचा कोंडा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत मामा तलाव आणि राइस मिल शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे मिलचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समसमान मिसळून टाकण्याची पद्धत जुनी. पद्धत वाईट नाही. पण कच्च्या कोंड्यात 15 ते 20 टक्के तेल असतं आणि भात सडल्याबरोबर त्यातलं लायपेज नावाचं विकर तेल फोडायला सुरुवात करतं. दमट हवेत काही दिवसांतच मोकळ्या आम्लांचं प्रमाण फार वाढतं. म्हणून कच्चा कोंडा सडल्यापासून आठवडाभरात संपेल एवढाच आणावा. पावसाळ्यात तर त्याहून कमी. उकड्या तांदळाच्या कोंड्यात उष्णतेने हे विकर मेलेलं असतं, त्यामुळे आंबूसपणा कमी येतो, पण उकडताना नैसर्गिक रक्षक द्रव्यंही काही प्रमाणात नष्ट होतात आणि त्याला हवा लागून खवटपणा येतोच. साठवायचंच असेल तर तेल काढलेला कोंडा घ्या, ज्याला बाजारात डीओबी म्हणतात. त्यात तेल जेमतेम एक टक्का उरतं. आंध्रातली मोठी मत्स्यशेती त्यावरच उभी आहे. पेंडीचंही तसंच. घाणीच्या पेंडीत तेल जास्त राहतं, सॉल्व्हंट पेंडीत नगण्य. घाणीची पेंड पौष्टिक खरी, पण ती ताजीच वापरायची.

इथे नाकाचा उपयोग करा. खवट वास हा जुन्या रंगाच्या डब्याचा, जवसाच्या तेलाचा, नासलेल्या खोबऱ्याचा. कुबट वास हा ओल्या भिंतीचा, बुरशीचा. पेंडीला कुबट वास असेल तर तिथे अफ्लाटॉक्सिनचा धोका आहे आणि तो वेगळा, स्वतंत्र आजार. त्यातही यकृतच जातं, पण उपाय निराळे. दोन्ही वास एकत्र असतील तर विचार करत बसू नका, पोतं बाजूला काढा. वास स्पष्ट कळत नसेल तर मूठभर खाद्य स्टीलच्या पेल्यात घ्या, वर कढत पाणी ओता, ताटली झाका, पाच मिनिटांनी ताटली उघडून लगेच नाक जवळ न्या. थंड खाद्यात दबलेला वास वाफेबरोबर वर येतो. घरातल्या तंबाखू न खाणाऱ्या माणसाला हुंगायला सांगितलं तर अधिक बरं.

दुसरा आरोपी तळणीचं वापरलेलं तेल. खाद्य घरी बनवणाऱ्यांना हॉटेलं आणि फरसाणवाले ते स्वस्तात देतात आणि मेद वाढवायला ते घालायचा मोह होतो. माझं म्हणणं सरळ आहे: घालू नका, फुकट मिळालं तरी. पुन्हापुन्हा तापवलेलं तेल म्हणजे बिघाडाचा शेवट गाठलेलं तेल. माणसांसाठीही भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून अशा तेलातल्या एकूण ध्रुवीय घटकांवर 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि वापरलेलं तेल बायोडिझेलकडे वळवण्यासाठी 'रुको' नावाचा उपक्रम चालवला आहे. ते तेल गाडीच्या टाकीत जावं, माशाच्या पोटात नाही.

किनारपट्टीवर तिसरा प्रकार दिसतो. तारलीसारखी तेलकट मासळी हंगामात ढिगाने येते, उरलेली वाळूवर वाळवली जाते आणि तिचा चुरा खाद्यात जातो. उघड्या उन्हात, वाऱ्यावर, दोन-तीन दिवस पडलेली तारली खवट व्हायला आणखी काय हवं? त्यापेक्षा बोंबील, जवळा यांसारखी कमी तेलाची सुकी मासळी परवडली. चौथा प्रकार सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त आढळणारा: चांगल्या कंपनीचं चांगलं खाद्य, पण चार-पाच महिने जुनं, उन्हाळा पत्र्याच्या शेडमध्ये काढलेलं. सवलतीत मिळालेलं जुनं खाद्य बहुधा या वर्गात मोडतं. त्यातही पिलांचं भुकटी खाद्य आधी बिघडतं, कारण जितकं बारीक तितका हवेशी संपर्क जास्त. आणि नेमकं तेच खाद्य आपण सर्वांत नाजूक वयात देतो. हॅचरीवाल्यांनी आणि बोटुकली वाढवणाऱ्यांनी भुकटी खाद्याच्या उघड्या पिशवीला दोन आठवड्यांची मुदत घालून घ्यावी.

औषध किंवा जीवनसत्त्व खाद्याला चिकटवायला मासळीचं तेल चोळण्याची रीत आहे. त्यासाठी मोठा डबा घेऊन वर्षभर पुरवू नका. लहान बाटल्या घ्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, रंगीत काचेच्या, सावलीत ठेवलेल्या. तांब्याचं भांडं आणि गंजलेला पत्र्याचा डबा तेलापासून दूर ठेवा, तांबं आणि लोखंड हा बिघाड फार वेगाने पुढे नेतात. तेल चोळलेलं खाद्य त्याच दिवशी संपवा.

गोदाम

गोदामाचे नियम सगळ्यांना पाठ असतात आणि पाळत कुणीच नाही, म्हणून थोडक्यात. पोती जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर. भिंतीपासून हातभर दूर. पत्र्याला खालून थर्माकोल किंवा गवताचं छत. वारा खेळता, पण ऊन पोत्यावर नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो. एप्रिलमध्ये पत्र्याखाली हात ठेवून बघा, मग पोत्यांचं काय होत असेल ते कळेल. पोतं आलं त्या दिवशी त्यावर मार्करने मोठ्या आकड्यात तारीख घाला आणि जुनं आधी काढा. दोन महिन्यांत संपेल एवढंच मागवा, उन्हाळ्यात त्याहून कमी. पिंजऱ्यावरच्या खाद्ययंत्रात एका दिवसापुरतंच खाद्य भरा.

आपल्याकडे धान्याला, डाळीला, मिरच्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवतात. तीच सवय खाद्याला लागू करणारे बरेच आहेत. पोत्याला वास आला की ताडपत्रीवर पसरून दोन दिवस उन्हात. वास खरोखर कमी होतो, कारण वास मारणारी द्रव्यं उडून जातात. पण उन्हाने आणि हवेने आतला बिघाड आणखी वाढलेला असतो. खाद्य आधीपेक्षा वाईट आणि नाकाला आधीपेक्षा चांगलं, असा प्रकार होतो. लसूण, गूळ किंवा बाजारातलं वासाचं द्रव्य मिसळणाऱ्यांचीही हीच गत. मासा खातो, तेवढंच. जुनं पोतं नव्या पोत्यात मिसळून संपवणंही तसंच चूक, कारण जुन्या तेलातले पेरॉक्साइड नव्या तेलाच्या बिघाडाला सुरुवात करून देतात.

प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा तर अर्धा किलो खाद्य तीन-चार पोत्यांच्या मधून घ्या, हवा दाबून काढलेल्या पिशवीत भरा, काळ्या कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात पाठवा. पेरॉक्साइड अंक तपासायला सांगाच, पण तेवढ्यावर थांबू नका. हा अंक आधी चढतो आणि तेल फारच बिघडलं की पुन्हा उतरतो. त्यामुळे कमी आकडा म्हणजे ताजं तेल, असा अर्थ काढलात तर फसाल. सोबत ॲनिसिडीन अंक मागा. पेरॉक्साइड अंकाची दुप्पट अधिक ॲनिसिडीन अंक, याला टोटॉक्स म्हणतात, आणि तेलाने किती वाटचाल केली हे त्यावरून कळतं. ताज्या, चांगल्या मासळी तेलाचा पेरॉक्साइड अंक पाचाच्या आत हवा. रत्नागिरी, नागपूर, उदगीर इथली मत्स्य महाविद्यालयं आणि वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था यांच्याशी तुम्ही संपर्क करू शकता. खाद्यतेल तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळाही या चाचण्या करतात.

झालंच असेल तर

खाद्य त्या दिवशी बंद करा. एक-दोन दिवस उपास घडला तर मासे मरत नाहीत. मग ताजं खाद्य नेहमीच्या निम्म्याने सुरू करून आठवडाभरात हळूहळू वाढवा. या काळात जाळं ओढू नका, वजन घेऊ नका, मासे हलवू नका. पाण्यातली हवा वाढवा, कारण पांढऱ्या कल्ल्यांच्या माशाला ऑक्सिजन ओढायला आधीच त्रास होतो. प्रतिजैविकं देऊ नका. हा जंतूंचा रोग नाही, आणि आजारी यकृतावर औषधाचा आणखी भार टाकण्यात काही अर्थ नाही.

ई जीवनसत्त्वाचा उपयोग आहे. कार्पची गरज किलोभर खाद्याला साधारण 100 मिलिग्रॅम धरली जाते, आणि खाद्यात मेद जास्त असेल तशी ती वाढते. उपचाराच्या काळातला डोस मत्स्यवैद्यक जाणणाऱ्याला विचारून ठरवा, सोबत क जीवनसत्त्व द्या. पण एक गैरसमज दूर करायला हवा. खाद्यात घालतात ते ई जीवनसत्त्व बहुधा ॲसिटेट रूपात असतं. ते टिकाऊ असतं, माशाच्या शरीरात गेल्यावर काम करतं, पण पोत्यातलं तेल बिघडण्यापासून वाचवत नाही. पोत्याची राखण करायला बीएचटी, बीएचए, मोकळी टोकोफेरॉल यांसारखी वेगळी द्रव्यं लागतात. इथॉक्सिक्विन हे त्यातलं जुनं आणि प्रभावी, पण युरोपीय संघाने 2017 मध्ये पशुखाद्यातली त्याची परवानगी स्थगित केली. निर्यातीचा विचार असेल त्यांनी लेबलवर ते नाव आहे का हे बघावं. पुड्या घातल्या म्हणजे जुनं खाद्य चालेल, हा दुकानदाराचा सल्ला मानू नका.

लवकर लक्षात आलं तर मासे सावरतात. रक्त काही आठवड्यांत भरून येतं. पाठ पूर्ण झडलेले, कणा वाकलेले मासे मात्र कधीच भरत नाहीत आणि तेवढ्यांवर खाद्य घालत राहणं तोट्याचं. सावरलेले मासेही लगेच विकू नका. शरीरात ई जीवनसत्त्व कमी असलेल्या माशाचं मांस बर्फातही लवकर खवट होतं आणि एकदा गिऱ्हाइकाच्या तोंडी ती चव लागली की ते पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

उरलेलं खवट खाद्य कोंबड्यांना घालू नका. खवट मेद आणि ई जीवनसत्त्वाचा अभाव यातून पिलांना मेंदूचा रोग होतो, मान वाकडी होऊन ती गरगर फिरतात. ते खाद्य कंपोस्ट खड्ड्यात जाऊ द्या.

विक्रेत्याशी वाद घालण्याआधी पुरावा जमवा: पोत्यावरचा बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, पावती, न उघडलेलं एक पोतं आणि कापलेल्या माशांची छायाचित्रं. पोती जाळून टाकल्यावर तक्रारीला काही उरत नाही. आणि गावातल्या चार-पाच मत्स्यपालकांनी एकत्र मिळून दर महिन्याला लहान गाडी मागवायचं ठरवलं, माल उतरवण्याआधी तारीख बघितली आणि दोन महिन्यांपेक्षा जुनं पोतं परत पाठवलं, तर विक्रेताही आपला माल फिरता ठेवायला शिकतो. पुढची गाडी येईल तेव्हा पहिल्या पोत्यापासून ही सुरुवात करा.